यूकेत ब्रेकडाउन कव्हरचं रिन्यूअल दरवर्षी फुगतं, ते खाली कसं आणायचं

कार इन्शुरन्सचं रिन्यूअल आलं की आपण चार साइटवर कोट काढतो, दोन पौंड कमी मिळाले तरी कंपनी बदलतो. ब्रेकडाउन कव्हरचा, म्हणजे गाडी बंद पडली तर मदतीला येणाऱ्या पॉलिसीचा, ईमेल आला की मात्र "चालू आहे ना, चालू दे" म्हणून बंद करतो. कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. पहिल्या वर्षी ऑफर लावून स्वस्तात द्यायचं, दुसऱ्या वर्षी ऑफर काढायची, तिसऱ्या-चौथ्या वर्षी हळूहळू वर सरकवायचं, आणि गिऱ्हाईक गप्प आहे असं दिसलं की अजून थोडं. शेजारी काल आला, तोच व्हॅन-ट्रक, तोच मेकॅनिक, आणि तो निम्मे पैसे भरतो. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच.

हे वाचून "पण यावर तर बंदी आली ना?" असं काहींना वाटेल, म्हणून आधी तो गैरसमज काढून टाकू, कारण बरेच लोक त्याच भरवशावर निवांत बसलेत.

बंदी आहे, पण ती तुमच्या ब्रेकडाउन पॉलिसीवर नाही

२०१८ मध्ये लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसने जुन्या गिऱ्हाइकांकडून जास्त पैसे उकळण्याबद्दल मोठी तक्रार केली होती, त्यात मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा इन्शुरन्स, मॉर्गेज आणि सेव्हिंग्ज असे पाच बाजार होते. त्यानंतर एफसीए म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने घर आणि गाडीच्या इन्शुरन्सचा बराच अभ्यास केला आणि १ जानेवारी २०२२ पासून नियम आणला की रिन्यूअलची किंमत त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाच्या किमतीपेक्षा जास्त लावायची नाही. छान नियम आहे. पण तो घराच्या आणि मोटर इन्शुरन्सपुरता. तुम्ही वेगळी, स्वतंत्र ब्रेकडाउन पॉलिसी घेतली असेल तर तिला हे संरक्षण नाही, तिथे नव्याला एक भाव आणि जुन्याला दुसरा हा खेळ अजून राजरोस चालतो.

दुसरी सबब फोनवर हमखास ऐकू येते ती टॅक्सची. "इन्शुरन्स प्रीमियम टॅक्समुळे वाढलंय हो." हा टॅक्स जून २०१७ पासून १२ टक्क्यांवरच आहे, तेव्हा गेल्या वर्षीपेक्षा यंदा वाढ झाली तर ती टॅक्सच्या दरामुळे नाही. ११२ पौंडाच्या बिलात १२ पौंड टॅक्स असतो, गेल्या वर्षीही तेवढ्याच प्रमाणात होता. मजुरी, पार्ट, डिझेल महागलं हे खरं आहे, पण ते नव्या गिऱ्हाइकासाठीही महागलंय ना, मग त्याला स्वस्त कसं परवडतं? हा प्रश्न डोक्यात ठेवा, पुढे फोनवर कामाला येईल.

पहिलं काम: ऑटो-रिन्यूअल बंद करा, आजच

पत्राची वाट बघू नका. पॉलिसी चालू असताना कधीही अकाउंटमध्ये जाऊन किंवा फोन करून ऑटो-रिन्यूअल काढता येतं, कव्हर मुदतीपर्यंत तसंच राहतं. काही जण म्हणतात कार्ड एक्स्पायर होतंय, पैसे आपोआप जाणारच नाहीत. असं समजू नका, बँका नव्या कार्डचे तपशील दुकानदाराला परस्पर पोचवतात, त्यामुळे जुनं कार्ड संपूनही पैसे कापले जाऊ शकतात. आणि कंपनीला काही न सांगता नुसती डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद करणं हा तर वाईट उपाय, कारण पॉलिसी कागदोपत्री रिन्यू होऊन बसते आणि मग बाकीचं बिल तुमच्या मागे लागतं. आधी कंपनीला सांगा, लेखी कन्फर्मेशन घ्या, मग डेबिट काढा.

ऑटो-रिन्यूअल काढलं म्हणजे शेवटची तारीख तुम्हाला लक्षात ठेवावी लागणार हे ओघाने आलंच. फोनमध्ये महिनाभर आधीचा आणि आठवडाभर आधीचा असे दोन रिमाइंडर लावून टाका.

दुसरं: नेमकं काय विकत घेतलंय ते काढा

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांची फसगत किमतीपेक्षा इथेच होते. स्वस्त कोट दिसतो, घेतो, आणि जानेवारीत सकाळी सात वाजता ड्राइव्हवेवर गाडी सुरू होत नाही तेव्हा कळतं की घरी यायचं कव्हरच नव्हतं.

पॉलिसीचे थर साधारण असे असतात. सगळ्यात खाली रोडसाइड, म्हणजे रस्त्यावर बंद पडलात तर येऊन दुरुस्त करायचा प्रयत्न, नाही झालं तर जवळच्या गॅरेजपर्यंत टो. एए आणि आरएसी या ब्रेकडाउनवाल्या मोठ्या कंपन्यांच्या बेसिक कव्हरमध्ये हा टो साधारण १० मैलांपर्यंतचा असतो, आणि घरापासून पाव मैलाच्या आत, म्हणजे चारशे मीटर धरा, बंद पडलात तर ते येतच नाहीत, त्यासाठी अ‍ॅट होम नावाचा थर वेगळा घ्यावा लागतो. त्याच्यावर नॅशनल रिकव्हरी, म्हणजे गाडी आणि माणसं देशात कुठेही नेऊन सोडणं. त्याच्यावर ऑनवर्ड ट्रॅव्हल, यात तात्पुरती गाडी, हॉटेल किंवा ट्रेनचं भाडं यापैकी काहीतरी. आणि शेवटी युरोप.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अ‍ॅट होम सोडू नका, बॅटरी उतरते ती रात्रभर गाडी दारात उभी राहिली की उतरते, भर मोटरवेवर कमी. नॅशनल रिकव्हरी कोणाला लागते तर जो वरचेवर दोन-तीनशे मैल जातो त्याला, शाळा-ऑफिस-सुपरमार्केट एवढाच फेरा असेल तर विचार करा. ऑनवर्ड ट्रॅव्हल घरात दुसरी गाडी असेल तर बहुतेकदा वायफळ खर्च. युरोप वर्षभराचं घेण्यापेक्षा वर्षातून एकदाच फ्रान्सला गाडी नेणार असाल तर त्या ट्रिपपुरतं घेतलेलं बरं पडतं, दोन-तीनदा जात असाल तर मात्र गणित उलटं होऊ शकतं.

अजून एक गोष्ट बघा, कव्हर गाडीचं आहे की माणसाचं. गाडीचं असेल तर ती गाडी कोणीही चालवत असो, मदत मिळते. माणसाचं असेल तर तुम्ही ज्या गाडीत आहात तिला मिळते, मित्राच्या गाडीत बसला असाल तरी. घरात दोन गाड्या आणि दोन चालवणारे असतील तर दोन गाड्यांचं की जोडप्याचं पर्सनल कव्हर हे दोन्ही कोट काढून बघावे लागतात, आधीच सांगता येत नाही कोणतं स्वस्त पडेल. गाडी जुनी असेल तर वयाची अट वाचा, काही पॉलिसी ठरावीक वयावरची गाडी घेतच नाहीत.

मग बारीक अक्षरं: वर्षात किती कॉल-आउट, चुकीचं इंधन भरलं तर काय, किल्ली आत राहिली तर काय, स्पेअर व्हील नसेल तर पंक्चरचं काय. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्पेअर व्हील येतच नाही, नुसता फोमचा डबा असतो, तेव्हा हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्ज संपल्यावर जवळच्या चार्जरपर्यंत नेतात का हे शोधा.

हे सगळं एका कागदावर चार ओळीत लिहून काढा. त्याच चार ओळी पुढे सगळ्यांना विचारायच्या, त्याच्याशिवाय तुलना म्हणजे नुसता आकड्यांचा गोंधळ.

तिसरं: रिन्यूअलचं पत्र नीट वाचा

एप्रिल २०१७ पासून एफसीएच्या नियमाने इन्शुरन्सच्या रिन्यूअल पत्रात गेल्या वर्षीची किंमत छापावी लागते, आणि चार किंवा जास्त वेळा रिन्यू केलेल्या गिऱ्हाइकाला "बाहेर चौकशी करा" असं स्पष्ट सांगावं लागतं. हे वाक्य तुमच्या पत्रात असेल तर ते सजावट म्हणून सोडून देऊ नका, तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांच्या टोपलीत पडलात असं ते सांगतंय.

पण पत्र एकच वर्ष मागचं दाखवतं. इनबॉक्समध्ये शोधून पहिल्या वर्षाचा आकडा काढा. समजा पहिल्या वर्षी ७० होते, मग ९८, मग १२४, आणि आता १५१ आलेत. गेल्या वर्षीच्या तुलनेत २७ पौंड वाढ, काय मोठंसं नाही वाटत, पण सुरुवातीच्या तुलनेत दुपटीहून जास्त झालं. कव्हर तेच आहे का तेही बघा, कधीकधी मधल्या एखाद्या वर्षी फुकट म्हणून चिकटवलेला थर पुढच्या वर्षी पैसे देऊन चालू राहतो. आणि वर्षभरात बऱ्याचदा मदत मागवली असेल तर काही कंपन्या त्यासाठी किंमत वाढवतात, त्याचा हिशोब वेगळा धरा.

चौथं: आपल्याच कंपनीत नवे गिऱ्हाईक बनून कोट काढा

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी ही, आणि दहा मिनिटांची आहे. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, लॉगिन करू नका, तुमच्याच कंपनीच्या साइटवर जा आणि तुमच्या कागदावरच्या चार ओळींप्रमाणे नवीन पॉलिसीचा कोट काढा. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, तारखेसकट. वरच्या उदाहरणात रिन्यूअल १५१ असेल आणि नव्याला ८४ मध्ये तेच मिळत असेल तर तुमच्या निष्ठेची किंमत ६७ पौंड, आणि ही कंपनीनेच सांगितलेली आहे, तुम्ही काढलेली नाही.

मग बाहेरचे. एए १९०५ पासून आहे, आरएसी १८९७ पासून, ग्रीन फ्लॅग १९७१ मध्ये ब्रॅडफर्डला सुरू झाली. फरक असा की पहिल्या दोघांकडे मदतीला येणाऱ्या स्वतःच्या गाड्या आणि मेकॅनिक आहेत आणि ग्रीन फ्लॅग मुख्यतः स्थानिक गॅरेज-रिकव्हरीवाल्यांच्या जाळ्यावर चालते. त्यामुळे कोण चांगलं याचं उत्तर तुम्ही कुठे राहता यावरही असतं, आसपासच्या लोकांना विचारा किती वेळात आले. मनीसुपरमार्केट, गोकम्पेअर, कन्फ्यूज्ड यांसारख्या साइटवर छोटी नावंही दिसतील. त्यातल्या काही पॉलिसी "आधी तुम्ही भरा, मग आम्ही परत देऊ" प्रकारच्या असतात, स्वस्त असतात, पण रात्री दोनला टोवाल्याला शे-दोनशे पौंड खिशातून द्यायची तयारी हवी. मला तो प्रकार फारसा आवडत नाही.

टॉपकॅशबॅक आणि क्विडको या साइटवर कॅशबॅक, म्हणजे खरेदीनंतर परत मिळणारे काही पैसे, बघायला विसरू नका, ब्रेकडाउनवर बऱ्यापैकी मिळतो. फक्त कॅशबॅक हा हातात पडेपर्यंत आपला नसतो, तो उशिरा येतो आणि कधी नाकारलाही जातो, म्हणून मूळ किंमतच परवडणारी आहे का ते आधी.

पाचवं: कव्हर आधीच कुठेतरी फुकट नाही ना

गाडी नवी असेल तर बनवणाऱ्या कंपनीचं रोडसाइड कव्हर सुरुवातीला असतंच, आणि काही ब्रँड आपल्या डीलरकडे सर्व्हिस केली की दर वेळी पुढच्या वर्षाचं देतात. सर्व्हिसची पावती काढून बघा. बँकेचं महिन्याला फी असलेलं अकाउंट असेल तरी बघा, नेशनवाइडच्या फ्लेक्सप्लससारख्या अकाउंटमध्ये ब्रेकडाउन कव्हर येतं, त्याच अकाउंटची फी भरत असूनही वेगळे दीडशे पौंड भरणारे लोक आहेत. पण नुसत्या ब्रेकडाउनसाठी असं अकाउंट उघडू नका, वर्षाची फी जोडून बघा, ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि फोन इन्शुरन्सही वापरणार असाल तरच जमतं.

कार इन्शुरन्सबरोबर अ‍ॅड-ऑन म्हणून घेतलं तर बऱ्याचदा स्वस्त दिसतं, तिथे थर कोणता आहे ते तपासा, बहुतेकदा बेसिकच असतो. आणि पुढच्या वर्षी इन्शुरन्स कंपनी बदलली की ब्रेकडाउनही गेलं हे लक्षात राहू द्या. दोन ठिकाणी एकच कव्हर असण्यात काही फायदा नाही, व्हॅन एकच येणार.

सहावं: फोन

एवढी तयारी झाल्यावर फोन करा, मुदतीच्या साधारण दोन-तीन आठवडे आधी. "बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत" ही म्हण ब्रेकडाउन कव्हरला शंभर टक्के लागू आहे. मनीसेव्हिंगएक्स्पर्ट या पैसे वाचवण्याच्या साइटच्या घासाघीसीच्या पोलमध्ये एए आणि आरएसी वर्षानुवर्षं वरच्या नंबरात येतात, म्हणजे मागितलं की मिळतं. आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर मागायला कोणी लाजत नाही, इथे का लाजायचं.

मेन्यूमध्ये "कॅन्सल करायचंय" किंवा "सोडायचा विचार आहे" असा पर्याय निवडा, रिन्यूअलचा नको. सोडून जाणाऱ्यांना थांबवणारी टीम वेगळी असते आणि सूट द्यायचे अधिकार तिच्याकडे जास्त असतात. मग शांतपणे, इंग्रजीत अर्थातच, पण मुद्दे एवढेच: "मी इतकी वर्षं तुमच्याकडे आहे. यंदा १५१ सांगताय. तुमच्याच साइटवर हेच कव्हर आज नव्या गिऱ्हाइकाला ८४ ला आहे, स्क्रीनशॉट समोर आहे. दुसरीकडे मला ७८ ला मिळतंय. मला इथेच राहायला आवडेल, तुम्ही किती करू शकता?" आणि गप्प बसा. ही शांतता आपल्याला जड जाते, आपण लगेच "म्हणजे थोडं कमी झालं तरी चालेल" असं बोलून टाकतो, ते बोलू नका.

पहिली ऑफर बहुतेक मधली कुठलीतरी येते, वरच्या उदाहरणात ११८ वगैरे. "धन्यवाद, पण नव्या गिऱ्हाइकाच्या किमतीला जुळवता येईल का?" एवढंच. कधी किंमत कमी करायच्या ऐवजी "आम्ही तुम्हाला युरोप फुकट देतो" असं येतं, नको असेल तर सरळ नको म्हणा, पुढच्या वर्षी तेच बिलात दिसेल. किंमत उतरवली तर लगेच विचारा की कव्हरमधलं काही काढलंय का, अ‍ॅट होम आहे ना, रिकव्हरी आहे ना. सूट देताना हळूच एखादा थर गळतो. आणि ऑटो-रिन्यूअल परत चालू केलं का तेही विचारा, कारण नवीन किंमत लावताना ते बरेचदा आपोआप चालू होतं. समोरचा माणूस पगारी आहे, किंमत त्याने ठरवलेली नाही, आवाज चढवून काही मिळत नाही. नाहीच जमलं तर नाव आणि वेळ लिहून ठेवून परत दुसऱ्या दिवशी करा, माणूस बदलला की उत्तर बदलतं.

घरातल्या वयस्कर लोकांच्या पॉलिसी खास बघा. पंचवीस-तीस वर्षं एकाच कंपनीत असलेले सासरे, मामा, शेजारचे आजोबा यांचे आकडे ऐकून धक्का बसतो. त्यांच्या वतीने फोन करायचा तर सुरुवातीला त्यांना स्वतः फोनवर येऊन परवानगी द्यावी लागते, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून स्पीकरवर करा.

सातवं: सोडायचंच ठरलं तर

वेगळ्या ब्रेकडाउन पॉलिसीत वर्षानुवर्षं राहिल्याचा फारसा साठा होत नाही, कार इन्शुरन्सच्या नो क्लेम बोनससारखं काही हातचं जाईल ही भीती इथे बहुधा नसतेच. भीती असावी ती मधे कव्हरच नसलेल्या काळाची. बऱ्याच कंपन्यांत नवीन कव्हर घेतल्यावर पहिले २४ तास मदत मागता येत नाही, आणि गाडी आधीच बंद पडलेली असताना घेतलेलं कव्हर तर त्या बिघाडाला चालतच नाही. म्हणून नवीन पॉलिसी जुनी संपायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होईल अशी घ्या, नवीन कागद ईमेलवर आले की मगच जुनीला नको म्हणून कळवा. त्याच कंपनीत नवीन म्हणून शिरायचं असेल तर ऑफरच्या अटी वाचा, काहींमध्ये चालू मेंबरला चालत नाही असं लिहिलेलं असतं, मग जोडीदाराच्या नावाने घेणं किंवा एक वर्ष दुसरीकडे जाऊन येणं हे मार्ग आहेत.

रिन्यू होऊन गेलंच असेल तर

घाबरू नका, आधी तारीख बघा. इन्शुरन्स पॉलिसीला साधारण १४ दिवसांचा कूलिंग-ऑफ, म्हणजे विचार बदलून पॉलिसी रद्द करायचा, काळ असतो, रिन्यूअललाही. या काळात मदत मागवली नसेल तर पैसे परत मिळतात, मागवली असेल तर तिचे पैसे कापू शकतात. १४ दिवस उलटले असतील तरी वरचाच फोन करा, उरलेल्या महिन्यांचे पैसे किंवा निदान किंमत कमी करून मागा, काही कंपन्या देतात. कॅन्सलेशन फी किती ते आधी विचारा, नाहीतर वाचवलेलं तिथेच जायचं.

पत्रच आलं नाही, ऑटो-रिन्यूअल बंद करूनही पैसे कापले, फोनवर एक सांगून बिल दुसरंच लावलं, असं काही असेल तर लेखी तक्रार करा आणि त्यात "तक्रार" हा शब्द स्पष्ट वापरा. कंपनीला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर अशा तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाता येतं, फुकट आहे, अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत. नुसतं "महाग लावलं" यावर तिथे फार काही होत नाही, किंमत ठरवणं कंपनीचा हक्क मानला जातो, पण नीट कळवलं का, वागणूक रास्त होती का हे ते तपासतात. पॉलिसीचा कुठला भाग इन्शुरन्स आहे आणि कुठला साधी सेवा म्हणून दिलाय हे कागदात लिहिलेलं असतं, तक्रारीआधी ते पान वाचा, कारण ऑम्बड्समन कुठल्या भागात पडू शकतो ते त्यावर ठरतं.

नवीन भाव ठरला की ईमेलवर मागून घ्या, आणि तो ईमेल, स्क्रीनशॉट आणि तुमच्या चार ओळींचा कागद एकाच फोल्डरमध्ये टाका. पुढच्या वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचं काम पाच मिनिटांत होतं.